हरकत: एका कागदाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत नगररचना कुठून आली? उत्तर सोपं आहे. राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. पण आपल्या शेजारच्या शेतात उद्या काय उभं राहणार, हे कोण ठरवतं आणि त्यात आपल्याला बोलता येतं का, यालाही इतिहास आहे. तो आपल्या रोजच्या जगण्याला जास्त जवळचा आहे.

वारूळवाडीचंच उदाहरण घेऊ. नारायणगावाला लागून असलेलं गाव, जवळून पुणे-नाशिक महामार्ग, भोवती बागायत. अशा गावात एखाद्या शेताच्या बांधावर एके दिवशी फलक लागतो, असं समजा. इथे दीडशे घरांची वसाहत होणार, मध्यभागी प्रार्थनास्थळ होणार. ते मंदिर असेल, मशीद असेल, चर्च असेल. आपण आज चर्च धरू. फलक लागल्याबरोबर गावात दोन प्रकारची कुजबुज सुरू होते. एक म्हणतो, "पाणी कुठून आणणार हे?" दुसरा म्हणतो, "ही माणसं कोण?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आजचं सगळं व्याख्यान या दोन प्रश्नांतल्या फरकाबद्दल आहे.

'हरकत' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ हालचाल. मराठीत येता येता त्याचा अर्थ अडथळा, आक्षेप असा झाला. आणि गंमत बघा, आपण हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो तो नकारात: हरकत नाही. हरकत आहे, असं म्हणायची वेळ आली की आपण गप्प बसतो. कारण ते लेखी द्यावं लागतं, मुदतीत द्यावं लागतं, आणि आधी नकाशा वाचावा लागतो.

आता जुन्नरपासूनच सुरुवात करू. घरं आणि प्रार्थनास्थळ एकत्र बांधण्याची कल्पना या तालुक्याला नवी नाही. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो. ते मंदिर मुळात बौद्ध विहार आहे, भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण. शेजारी चैत्यगृह आहे, ते प्रार्थनेचं. राहण्याच्या खोल्या, प्रार्थनेची जागा आणि खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी, हे तिन्ही मिळून लेणं पूर्ण होतं. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत देणगीदारांची नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिल्याचा लेख आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेला परका माणूस. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, परक्या माणसाने इथे येऊन धर्मस्थळाला हातभार लावणं ही सुमारे दोन हजार वर्षांची जुनी गोष्ट आहे. दोन, खोल्यांबरोबर पाण्याची सोय कोरलेली आहे. सात खोल्या आणि एक पोढी. आजच्या भाषेत सांगायचं तर लेआउट आणि पाणीपुरवठा एकाच दानात.

मधली शतकं ओलांडून आपण थेट १८९६ सालच्या मुंबईत येऊ, कारण आज आपण ज्याला नियोजन म्हणतो त्याचा कायदा तिथून सुरू होतो. त्या वर्षी मांडवी भागात प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते काढले, वस्त्या पाडल्या, पुढे दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती केल्या. कामं मोठी होती. पण ज्यांच्या चाळी पाडल्या त्या भाडेकरूंना विचारण्याची पद्धत नव्हती. ज्याची खोली गेली तो शेजारच्या गल्लीत गेला आणि तिथली गर्दी वाढली.

याच सुमारास, १९१४ मध्ये, पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश विचारवंत भारतात आले. पुढे १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: औषध देण्याआधी रोग तपासा. शहरात आधी पायी फिरा, विहिरी बघा, तळी बघा, माणसं कुठून कुठे जातात ते बघा, आणि मग शक्य तितकं कमी पाडा. ही शिकवण आपल्याकडे वाचली खूप गेली, पाळली कमी गेली.

१९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्यात नगररचना योजना आखताना म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद आली. पण ऐकायचं कोणाचं? मुख्यतः जमीनमालकाचं. कारण योजनेत प्लॉटची फेरआखणी होणार, कोणाची किती जमीन जाणार आणि कोणाला किती मोबदला मिळणार, हा हिशेब मालकाशी होता. कुळाला, भाडेकरूला, शेजारच्या कोळणीला त्यात जागा नव्हती.

त्याच वर्षांत आणखी एक प्रवाह सुरू झाला, तो आपल्या विषयाला फार जवळचा. आपापल्या समाजाच्या लोकांनी एकत्र येऊन घरं बांधायची. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. १९१८ मध्ये वांद्र्याला साल्सेट कॅथलिक गृहनिर्माण संस्था झाली. म्हणजे जात, धर्म आणि घर यांची सांगड आपल्या सहकारी गृहनिर्माणाच्या जन्मापासूनच आहे. त्यामागे कारणं होती. शहरात नवखा माणूस ओळखीच्या शेजारात राहू पाहतो, आणि घर द्यायला बाकीचे नकार देत असतील तर आणखीच. पण याची दुसरी बाजूही आहे. आपल्यांसाठी घर म्हटलं की इतरांना दार बंद. हा वाद अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेचं म्हणणं मान्य केलं: सहकारी संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. हा निकाल अनेकांना पटला नाही. पण आपल्या वारूळवाडीच्या काल्पनिक फलकाकडे बघताना तो माहीत असायला हवा. "ही वसाहत एकाच धर्माच्या लोकांची का?" हा प्रश्न सामाजिक चर्चेत विचारता येतो, विचारावाही. नगररचनेच्या अर्जावर मात्र तो टिकत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा आला, त्याने नगरपालिकांवर विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. आणि मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, जो आजही लागू आहे. या वाटचालीत एक मोठा बदल शांतपणे झाला. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकत कोणीही घेऊ शकतो. मालक असण्याची अट नाही. भाडेकरू, शेतमजूर, शाळेतली शिक्षिका, कोणीही. साधारणपणे ३० दिवसांची मुदत. प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. नियोजन समिती ऐकते, अहवाल देते, मग आराखडा शासनाकडे जातो. १९१५ ते १९६६ या पन्नास वर्षांत 'मालक' या शब्दाच्या जागी 'कोणीही' हा शब्द आला. आमच्या मते हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातला महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

पण इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्यानंतर जी पद्धत रुळली, तिच्यात एखादी वसाहत किंवा चर्च बांधायचं म्हटलं की तो अर्ज जाहीर होतो, शेजाऱ्यांना कळवलं जातं, आणि स्थानिक समितीसमोर त्या एका प्रकल्पाची छाननी होते. आपल्याकडे हरकत घेता येते ती नकाशाला. नकाशात एकदा ती जमीन रहिवासी विभागात गेली, की पुढची इमारतीची परवानगी ही कार्यालयातली बाब असते. नियमात बसते का, एवढंच बघतात. शेजाऱ्याला पत्र येत नाही. मोठ्या बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, पण त्या अधिसूचनेतच इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट होती. म्हणजे फलक लागल्यावर जागं झालेल्या माणसाला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याची संधी त्याच्या आधी, कधीतरी, तालुक्याच्या कार्यालयात भिंतीवर लावलेल्या नकाशापाशी येऊन गेलेली असते.

गावांचं काय? गावांसाठी प्रादेशिक योजना असते. पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. तिच्यात शेतजमिनीचा विभाग बदलून रहिवासी करायचा असेल तर त्याची जाहीर नोटीस निघते आणि हरकती मागवल्या जातात. ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ती वाचणारा माणूस गावात आहे का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

अशी वाचणारी माणसं होती, अशा एका ठिकाणी आता जाऊ. वसई. वसई आपल्याला चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या मोहिमेमुळे माहीत आहे. पण किल्ल्याबाहेरची वसई म्हणजे केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्या. गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बावखलं. बावखल म्हणजे वाडीतलं मोठं डबकंवजा तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. त्या पश्चिम पट्ट्यात हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. तिथली काही चर्चं सोळाव्या शतकातली आहेत.

मुंबईची लोकल विरारपर्यंत जात होतीच. मुंबईत घर परवडेना, तशी वस्ती वसई-नालासोपारा-विरारकडे सरकली. १९८८ च्या सुमारास शासनाने वसई तालुक्यातली मोठी जमीन हरित पट्ट्यातून काढून बांधकामाला मोकळी केली. १९९० मध्ये त्या उपप्रदेशासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. बांधकामाला पाणी लागतं. ते टँकरने वाड्यांमधल्या विहिरींतून उपसलं जाऊ लागलं. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं गोडं पाणी जास्त ओढलं की खालून खारं वर येतं. विहीर एकदा खारी झाली की केळीची बाग संपली. हा प्रश्न धर्माचा नव्हता, पाण्याचा होता.

यातून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचं नेतृत्व करत होते. तेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते 'सुवार्ता' या मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते. आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे विचारायला हवं: ही चळवळ वसईत का उभी राहिली, इतरत्र का नाही? पाणी इतर ठिकाणीही आटत होतं. आमचं उत्तर असं आहे. वसईत कागद वाचणारी आणि तो लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा तयार होती. रविवारी चर्चमध्ये लोक एकत्र जमत. मासिक होतं, शाळा होत्या, सहकारी पतपेढ्या होत्या. सरकारी भाषेतली अधिसूचना घरातल्या भाषेत समजावून सांगणारी माणसं होती. आणि चळवळ फक्त ख्रिस्ती समाजाची राहिली नाही, कारण खारं पाणी कोणत्या वाडीत शिरायचं हे धर्म बघून ठरवत नाही.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. वसईच्या पूर्वेला, नालासोपाऱ्यात आणि विरारला जी माणसं आली ती काही चैनीसाठी आली नव्हती. गिरण्या बंद पडलेल्या, झोपडी तुटलेली, खोलीचं भाडं न परवडणारी माणसं. हरित पट्टा वाचवणं त्यांच्या दृष्टीने काय होतं? त्यांना घर हवं होतं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. २००९ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा गावं आत घ्यायची की बाहेर ठेवायची यावरून पुन्हा संघर्ष झाला, आणि २९ गावांचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात रेंगाळला. आंदोलन करणाऱ्यांनी पाण्याचा प्रश्न बरोबर विचारला होता. पण परवडणारं घर कुठे, या प्रश्नाचं उत्तर नियोजनानेही दिलं नाही आणि शासनानेही. मग ते उत्तर बेकायदा बांधकामाने दिलं.

त्याची किंमत कोणी मोजली ते बघा. नालासोपारा पूर्वेला एका मोठ्या भूखंडावर आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं आणि कचराभूमीचं आरक्षण होतं. तिथे ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी पैसे भरून घरं घेतली, संसार मांडले. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. ज्या नकाशावर ते आरक्षण होतं तो नकाशा सार्वजनिक होता. घर घेणाऱ्यापैकी कोणाला तो दाखवला गेला नाही, आणि बांधताना कोणी वेळेवर थांबवलं नाही. हरकतीचा कागद कोणी लिहिला नाही तर त्याची जागा शेवटी जेसीबी घेतो.

आणखी एक उदाहरण, चर्चचं आणि घरांचं, थेट मुंबईतलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांनी तो उघडला आणि चुका सापडू लागल्या. कुठे प्रार्थनास्थळं चुकीची दाखवली, कुठे वारसा इमारती नोंदलेल्याच नाहीत, कुठे राहत्या सोसायटीवरून रस्ता आखलेला. वांद्र्यासारख्या जुन्या गावठाणांतले रहिवासी, कोळीवाड्यांतले लोक, चर्चच्या परिसरातली मंडळी, मंदिरांचे विश्वस्त, सगळे नकाशे घेऊन बसले. हरकतींचा असा पाऊस पडला की एप्रिलमध्ये शासनाने तो आराखडा दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं. त्याआधी पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. तेव्हा 'लोकांना नकाशातलं काय कळतं' हे म्हणणं खरं नाही. स्वतःच्या गल्लीचा नकाशा लोकांना नगररचनाकारापेक्षा चांगला कळतो.

आता पुन्हा आपल्या फलकापाशी येऊ. दीडशे घरं आणि एक चर्च. गावाने काय तपासावं?

पहिलं पाणी. दीडशे घरांना रोज किती पाणी लागेल, ते नळ योजनेतून की बोअरमधून? जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत म्हणून पाणी मुबलक आहे, असं बाहेरच्याला वाटतं. उन्हाळ्यात आवर्तनाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. दुसरं सांडपाणी. ते ओढ्यात जाणार की प्रक्रिया होऊन बागेला जाणार? तिसरं ओढे आणि पाणंद. जुन्या गाव नकाशावर ओढा दिसतो, लेआउटमध्ये तो गायब होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात परत येतो. चौथं रस्ता. रविवारच्या प्रार्थनेला, किंवा मंदिर असेल तर उत्सवाला, किती गाड्या येणार आणि त्या महामार्गाला कुठे मिळणार? पाचवं दफनभूमी किंवा स्मशान. वसाहतीत माणसं राहणार म्हणजे माणसं मरणारही. ती जागा आधी ठरली नाही तर नंतर दुःखाच्या घडीला भांडण होतं. आणि सहावं, या वसाहतीत कामगाराला परवडेल असं एखादं तरी घर आहे का? टोमॅटोच्या हंगामात तोडणीला येणारी माणसं राहतात कुठे, हा प्रश्नही नियोजनाचाच आहे.

हे सगळे प्रश्न मंदिराला लागू, मशिदीला लागू, चर्चला लागू, मंगल कार्यालयालाही लागू. जे प्रश्न सगळ्यांना सारखे लागू होतात तेच हरकतीच्या कागदावर लिहायचे. 'ही माणसं कोण' हा प्रश्न फक्त एकालाच लागू होतो, म्हणून तो तिथे लिहायचा नाही. आपल्या संविधानाच्या २५ व्या आणि २६ व्या कलमांनी प्रत्येकाला धर्मपालनाचा आणि धार्मिक संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. आरोग्य म्हणजे पुन्हा पाणी आणि सांडपाणीच.

एखादा म्हणेल, पाण्याचा मुद्दा पुढे करून मनातला दुसरा मुद्दा लपवता येतोच की. येतो. त्याची एक सोपी परीक्षा आहे. हाच पाण्याचा मुद्दा आपण मागच्या वर्षी आपल्या भावकीतल्या माणसाच्या प्लॉटिंगला मांडला होता का? नसेल, तर आपण पाण्याबद्दल बोलत नाही.

या परिसराला जमिनीच्या वापराबद्दलचा मोठा निर्णय नवा नाही. खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटीच्या ३० महाकाय अँटेना आल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, त्या आकाशातल्या क्षीण रेडिओ लहरी ऐकण्यासाठी. त्यांना भोवती शांतता हवी, म्हणून परिसरातल्या उद्योगांवर मर्यादा आल्या. दूरच्या आकाशगंगेसाठी जागेचा विचार करणारा हा तालुका आहे. मग गावातल्या ओढ्यासाठी आणि नव्याने राहायला येणाऱ्या माणसासाठीही तेवढ्याच काळजीने विचार करणं त्याला जमायला हवं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. ग्रामसभेत एक छोटा गट करा. दोन तरुण, एक शिक्षिका, एक जुना जाणता शेतकरी ज्याला सगळे ओढे ठाऊक आहेत. त्यांनी प्रादेशिक योजनेचा नकाशा मिळवावा, गाव नकाशाशेजारी ठेवावा, आणि विभागबदलाची नोटीस निघते का यावर लक्ष ठेवावं. नोटीस निघाली की ग्रामसभेत वाचून दाखवावी, साध्या मराठीत. जो वसाहत बांधणार आहे त्यालाही बोलवावं, आणि शक्य झालं तर तिथे राहायला येणाऱ्या एखाद्या कुटुंबालाही. समोरासमोर बसून पाण्याचा हिशेब मांडला की कुजबुज आपोआप कमी होते. हिशेब जमला तर मनापासून म्हणावं, हरकत नाही. नाही जमला तर मुदतीच्या आत, तारीख घालून, पोच घेऊन लिहावं, हरकत आहे.